बारा फटके

गोल्फ आणि मुरगूड यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. आमच्याकडे सपाट मोकळी जागा दिसली, की माणूस आधी तिथं ऊस किती निघेल याचा हिशोब घालतो. एवढी शेकडो एकर हिरवळ राखायची, तिला पाणी पाजायचं, आणि त्यावर एक म्हैसही न सोडता नुसता चेंडू मारत फिरायचं, हे आमच्या गावी कुणाला सांगितलं तर तो आधी माझ्याकडे आणि मग आकाशाकडे बघेल. इथला खेळ म्हणजे कुस्ती. तांबडी माती, हलगी आणि निकाल.

तरीही गेल्या उन्हाळ्यात मी तीन-चार रात्री जागून एक जुनी गोल्फ स्पर्धा यूट्यूबवर पाहिली. एप्रिल १९९७ची, अमेरिकेतल्या ऑगस्टा इथली मास्टर्स. टायगर वुड्स हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. तो तेव्हा २१ वर्षांचा होता आणि व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याची ती पहिलीच मोठी स्पर्धा होती.

ज्यांना या खेळातलं काहीच ठाऊक नाही (मलाही नव्हतं) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार दिवस खेळायचं, रोज १८ खड्डे. प्रत्येक खड्ड्यात चेंडू घालायला चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. ऑगस्टाला दिवसाचा पार ७२, म्हणजे चार दिवसांचा २८८. ज्याला कमीत कमी फटके लागतील तो जिंकला. वुड्सला लागले २७०. दुसरा आला टॉम काइट, २८२. मधे १२ फटके.

आता १२ म्हणजे किती, हे खालच्या नंबरांकडे बघितल्यावर कळतं. दुसऱ्याचे २८२, तिसऱ्याचे २८३, चौथ्याचे २८४, पाचव्याचे २८५. म्हणजे बाकी सगळे दिग्गज एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे, आणि हा पोरगा पुढच्या वळणावरून दिसेनासा झालेला. एरवी अशा स्पर्धेचा निकाल एखाद-दुसऱ्या फटक्यानं लागतो, कधी बरोबरी होऊन जादा खेळावं लागतं. मास्टर्समध्ये १२ फटक्यांनी जिंकण्याचा हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. २७० फटक्यांचा विक्रम मात्र २०२०मध्ये डस्टिन जॉन्सननं २६८ करून मोडला.

गंमत म्हणजे सुरुवात अगदी वाईट झाली होती. पहिल्या दिवशी पहिल्या नऊ खड्ड्यांना त्याला ४० फटके लागले, पारपेक्षा ४ जास्त. जोडीला आदल्या वर्षीचा विजेता निक फाल्डो. आपल्याकडच्या मैदानात असं झालं असतं तर मागून कुणीतरी ओरडलं असतं, ‘गार पडलं रं पोरगं!’ पण पुढच्या नऊ खड्ड्यांना त्यानं फक्त ३० फटके घेतले. दुसऱ्या दिवशी ६६, तिसऱ्या दिवशी ६५. रविवारी तो मैदानात उतरला तेव्हाच ९ फटक्यांनी पुढं होता. संपूर्ण स्पर्धेत एकाही खड्ड्यापाशी हिरवळीवर त्याला तीन पट लागले नाहीत. पट म्हणजे जवळून हलकेच घरंगळवलेला फटका. चांगल्या चांगल्यांचे हात तिथं थरथरतात.

शेवटचा चेंडू खड्ड्यात गेल्यावर तो जाऊन वडिलांच्या गळ्यात पडला. वडील अर्ल वुड्स, निवृत्त लष्करी अधिकारी, नुकतीच हृदयशस्त्रक्रिया झालेली. मुलाला खेळ त्यांनीच शिकवलेला. आपल्याकडे वस्ताद आणि बाप एकच असला की मैदान मारल्यावर जे दृश्य दिसतं तेच हे. मी ते तीन वेळा मागे नेऊन पाहिलं.

पण मला त्या १२ फटक्यांनी धरून ठेवलं ते वेगळ्याच कारणानं.

वुड्सचे वडील कृष्णवर्णीय, आई थायलंडची. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या नियमांत १९६१पर्यंत सदस्य गोराच असावा असं लिहिलेलं होतं. चार्ली सिफर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूनं ते कलम गेल्यावर १९६७ आणि १९६९मध्ये दोन मोठ्या स्पर्धा जिंकल्या, तरी मास्टर्सचं आमंत्रण त्याला कधीच आलं नाही. तिथं पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १९७५ साली, ली एल्डर. धमक्या येत होत्या म्हणून त्यानं त्या आठवड्यात गावात दोन घरं भाड्यानं घेतली होती. कोणत्या घरात तो झोपतोय हे कुणाला कळू नये म्हणून! ऑगस्टाच्या क्लबात पहिला कृष्णवर्णीय सदस्य आला १९९०मध्ये. आणि खेळाडूंच्या पिशव्या उचलणारे क्लबचे कॅडी मात्र १९८२पर्यंत सगळे कृष्णवर्णीयच.

म्हणजे त्या हिरवळीवर ती माणसं आधीपासून होतीच. फक्त पिशवी उचलायला होती, स्वयंपाकघरात होती. १९९७च्या त्या रविवारी संध्याकाळी क्लबहाऊसमधले कर्मचारी हातातली कामं टाकून बाहेर येऊन उभे राहिले होते, असं त्या दिवसाच्या वर्णनांत येतं. त्यांना काय वाटलं असेल हे मला वेगळं सांगायची गरज नाही. तुम्हालाही नसावी.

हे सगळं फार लांबचं आहे असं वाटत असेल तर आपल्या मुंबईकडे बघा. तिथल्या गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नसायचा. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन आपल्याबरोबर एका संस्थानिकाला पाहुणा म्हणून घेऊन गेले आणि त्याला आत घेतलं नाही, अशी गोष्ट सांगितली जाते. तेव्हा त्यांनी दोघांनाही खुला असा विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब काढला, गोल्फच्या मैदानासकट. अर्थात ‘दोघांनाही’ म्हणजे गोरे साहेब आणि आपले राजेरजवाडे, शेठ-सावकार. चेंडू हुडकणारं पोरगं त्यात धरलेलं नव्हतं. त्या पोराची पाळी यायला फार वर्षं लागली. कलकत्त्याच्या जुन्या क्लबात हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया पुढे भारतातला नावाजलेला गोल्फर झाला, आणि २०१७ची इंडियन ओपन त्यानं ७ फटक्यांनी जिंकली. बाहेरून आलेला माणूस जिंकतो तेव्हा असा सपाटून का जिंकतो, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

कुस्तीवाल्याला याचं उत्तर लवकर सापडतं. आपल्याकडे गुणांवर जिंकलेल्या कुस्तीला लोक मनापासून मान देत नाहीत. पंचानं हात वर केला तरी बांधावर बसलेला म्हातारा म्हणतोच, ‘कशाची जिकली? निकाल कुठं लागला?’ पाठ मातीला टेकली पाहिजे, चितपट झाली पाहिजे, मग कुणाच्या तोंडाला वाव राहत नाही. गादीवरच्या कुस्तीतही १० गुणांचा फरक पडला की लढत तिथंच थांबवतात. ज्याच्या हक्काबद्दल आधीच शंका आहे, त्याला एका गुणाचा विजय परवडत नाही. तो एका फटक्यानं जिंकला तर नशीब, दोनांनी जिंकला तर वारा त्याच्या बाजूचा होता. बारांनी जिंकला तरच तो जिंकला.

आणि खरं सांगायचं तर बारांनीही सगळी तोंडं बंद होत नाहीत. त्याच स्पर्धेच्या एका जुन्या विजेत्यानं त्याच रविवारी, पुढच्या वर्षीच्या विजेत्यांच्या जेवणात हा पोरगा कसले पदार्थ ठेवेल यावरून जातिवाचक टोमणा मारला. नंतर माफी मागितली, हेही खरं. पण बघा, १२ फटके अंगावर घेऊनही माणसाला तेच सुचलं.

मग या बारा फटक्यांचं करायचं काय? आपण अशा विजयाची फार कौतुकं करतो. ‘बघा, गुणवत्ता असली की कुणी अडवत नाही’ असं लगेच म्हणून टाकतो. मला हे वाक्य खटकतं. कारण त्याचा उलटा अर्थ असा होतो, की जो बारांनी जिंकत नाही त्याला अडवायला हरकत नाही.

आमच्या मुरगुडात मुलींची कुस्ती आता नवी राहिलेली नाही. इथल्या आखाड्यातून स्वाती शिंदे, नंदिनी साळोखे अशा पोरी राष्ट्रीय पातळीवर गेल्या. त्यांचे फोटो पेपरात येतात, गावाला अभिमान वाटतो. पण आमच्या गल्लीतलीही एक मुलगी रोज पहाटे सरावाला जाते. तिचा फोटो अजून कुठं आलेला नाही. दोनदा तालुक्याला हरली. परवा सायकल काढताना शेजारच्या आजोबांनी तिच्या वडिलांना हटकलं, ‘पोरगी काय मेडल-बिडल आणतीया का नुसतीच जातीया?’ वडील शांत माणूस. धारेची किटली खाली ठेवून म्हणाले, ‘आप्पा, थोरला बारावीला दोनदा बसला. त्याला कुणी इचारलं न्हाई.’

मी गॅलरीत उभा होतो. आत येऊन बराच वेळ त्याच वाक्याचा विचार करत बसलो. पोराला नापास व्हायची मुभा आहे, ती कुणी दिली असं नाही, ती आहेच. पोरीला तालमीत राहायचं तर मेडल दाखवावं लागतं. राखीव जागेवरून कॉलेजात गेलेल्या माझ्या एका मित्राचंही असंच व्हायचं. वर्गात साठ टक्के मिळवणारे चाळीस जण होते, पण साठ टक्क्यांचा जाब फक्त त्याला विचारला जायचा.

या बाबतीत आपल्या कोल्हापूरचा इतिहास मला ऑगस्टापेक्षा शहाणा वाटतो. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ला मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हा आधी तुमच्यातला एखादा अजिंक्य पुरुष दाखवा अशी अट घातली नाही. गंगाराम कांबळ्यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा तो चहा गावात पहिल्या नंबरचा आहे का, हे महाराजांनी तपासलं नाही. ते स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले, बरोबरच्यांना पाजला. साधा चहा, साध्या हॉटेलात. मला वाटतं, बारा फटक्यांपेक्षा हा एक कप जड आहे. जिंकल्यावर हार घालायला सगळेच येतात. जिंकण्याआधी शेजारी येऊन बसणारा माणूस विरळा.

वुड्सला स्वतःला याची जाण होती असं दिसतं. त्या दिवशी त्यानं सिफर्ड, एल्डर आणि टेड ऱ्होड्‌स यांची नावं घेतली आणि वाट त्यांनी केली, आपण नव्हे, असं सांगितलं. एल्डर तेव्हा प्रेक्षकांत होता. खास तो दिवस बघायला आला होता, आणि घाईघाईत येताना वेगानं गाडी चालवल्याबद्दल वाटेत पोलिसांनी त्याला दंडही केला!

आता या एल्डरचं १९७५मध्ये काय झालं होतं? पहिल्या दोन दिवसांनंतर खालचे खेळाडू गळतात, त्यांत तो गळला. बस्स. विक्रम नाही, हिरवा कोट नाही. दोन घरं भाड्यानं घेऊन, जीव मुठीत धरून तो आला, खेळला, हरला आणि घरी गेला. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला टायगर वुड्स जन्मला.

वुड्सनं पुढे २०००ची यूएस ओपन १५ फटक्यांनी जिंकली, तोही विक्रम आहे. मग पडला, बदनाम झाला, पाठ मोडून घेतली आणि २०१९ला ४३व्या वर्षी पुन्हा मास्टर्स जिंकला. त्याच्यावर पुस्तकं आहेत, सिनेमे आहेत. पण त्याच्यामागून त्या दारातून आत आलेले कृष्णवर्णीय खेळाडू आजही बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. एकट्यानं बारा फटके मारून दार पूर्ण उघडत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं. ते उघडलं की नाही हे कळायचं असेल तर जिंकणाऱ्याकडे बघू नये. त्याच्यासारखी दिसणारी किती साधी माणसं तिथं निवांतपणे हरू शकतात, हे मोजावं.

एप्रिल २०२१मध्ये ऑगस्टानं ली एल्डरला स्पर्धेची मानाची सुरुवात करायला बोलावलं. ८६ वर्षांचा झालेला, नाकाला ऑक्सिजनची नळी. चेंडू मारण्याची ताकद नव्हती. काठी हातात धरून तो खुर्चीतून जेमतेम उठला, आणि भोवतीचे सगळे टाळ्या वाजवत राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो गेला.

एकही फटका न मारता मिळालेल्या त्या टाळ्या मी पुन्हा पुन्हा ऐकल्या. असो. गल्लीतल्या त्या मुलीची पुढच्या महिन्यात पुन्हा तालुक्याला कुस्ती आहे. जाऊन बसेन म्हणतो.