कुरळ्या केसांची रात्र

आमच्या घरांतील बायकांचे केस पिढ्यान्‌पिढ्या सरळ, लांब आणि तेलानें चपचपीत. सासूबाईंचे तसे, माझे तसे, आणि मोठ्या पुतणीचेही तसेच. सासूबाईंना यंदा नव्वद पुरीं झालीं. त्यांच्या वाढदिवसाला साऱ्यांनीं १९४५ सालच्या थाटांत यावें असा मुलांनीं ठराव केला. त्या सालीं त्या दहा वर्षांच्या होत्या, आणि मुलांच्या मतें हा हिशेब लक्षांत ठेवावयास सोपा. ठराव होतांच पुतणीनें माझ्यापुढें एका गोऱ्या बाईचा फोटो धरला नि म्हणाली, "काकू, मला अस्से केस करून दे." आधीं एका केशकर्तनालयांत विचारून पाहिलें होतें. तेथें सांगितलेली रक्कम ऐकून जाऊबाईंनीं पुढचें बोलणेंच सोडलें, आणि काम माझ्या गळ्यांत पडलें.

फोटोंतल्या बाईचे पुढचे केस कपाळाच्या दोन्ही अंगांना वर वळवून पोकळ सुरळ्यांसारखे बसविलेले होते, आणि मागचे खांद्यावर लाटालाटांनीं उतरले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंड-अमेरिकेंत ह्या सुरळ्यांना 'व्हिक्टरी रोल' असें नांव पडलें. तेथील बायका तेव्हां कारखान्यांत जाऊं लागल्या होत्या. मोकळे केस यंत्रांत अडकण्याची भीति असे, म्हणून ते वर बांधणें ही नुसती हौस नव्हती. व्हेरोनिका लेक ह्या नटीची एका डोळ्यावर बट सोडण्याची ढब मुलींनीं इतकी उचलली होती कीं, १९४३ सालीं सरकारच्या विनंतीवरून तिनें आपली केशरचना बदलली.

केस कुरळे करण्याचा खटाटोप अर्थात् त्याहून जुना आहे. पॅरिसच्या मार्सेल ग्रातो ह्या कारागिरानें १८७२ च्या सुमारास तापविलेल्या चिमट्यानें केसांना लाटा पाडण्याची युक्ति काढली. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं कार्ल नेसलर ह्या जर्मन केशकारानें कायमच्या कुरळेपणासाठीं पहिले प्रयोग केले ते आपल्या बायकोच्या डोक्यावर. केस तर जळलेच, टाळूही भाजली. शोध नवऱ्याच्या नांवावर, फोड बायकोच्या डोक्यावर!

आम्हांला चिमटा नको होता आणि रसायनेंही नकोत. घरांत करण्याजोगी रीत पिनांची. ओलसर केसांची एकेक इंच रुंदीची बट घ्यावयाची, टोंकापासून मुळाकडे बोटाभोंवतीं गुंडाळीत आणावयाची, आणि तें वेटोळें डोक्याशीं सपाट बसवून दोन पिना एकमेकींवर आडव्या लावावयाच्या. केसांतील केराटिनला आकार देणारे कांहीं नाजूक हायड्रोजन-बंध पाण्यानें सुटतात व केस वाळतांना पुन्हां जुळतात. वाळतेवेळीं केस जसा वळलेला असेल तसा तो राहतो. दमट हवेंत तेच बंध पुन्हां ढिले पडतात. हें सारें मला ठाऊक होतें, तरी पहिला प्रयत्न फसलाच. पुतणीनें आदल्याच दिवशीं डोक्याला तेल चोपडलें होतें, मीं चार तासांनीं घाईनें पिना काढल्या, आणि बाहेर पुण्याचा जुलैचा पाऊस. दहा मिनिटांत केस होते तसे सरळ झाले.

दुसऱ्या खेपेस डोकें दोनदां धुवून घेतलें. दोन मोठे चमचे जवस एक कप पाण्यांत उकळून तार येईसें झालें कीं गरम असतांनाच गाळावें. निवल्यावर तें गाळणींतून उतरतां उतरत नाहीं. आमच्या घरांत जवस आजवर चटणीखेरीज कशालाच लागले नव्हते. तें पाणी बोटांनीं केसांना लावून मी सासूबाईंच्या खाटेपाशीं बसलें व एकेक बट गुंडाळूं लागलें.

सासूबाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "पंचेचाळीस सालीं आमच्याकडे असे केस कोणाचे होते ग?"

मीं म्हटलें, "मुलींची हौस आहे, आई."

"हौस करूं देत. पण बोटाभोंवतीं केस गुंडाळतांना तुला पाहिलें, आणि आत्या आठवली."

त्यांची आत्या सोंवळी होती. आगरकरांचा 'सुधारक' निघाला तो १८८८ सालीं. पण त्यानंतर पन्नास-साठ वर्षांनींही कांहीं घरांत बालविधवेच्या डोक्यावर वस्तरा फिरत होता, त्यांतलेंच सासूबाईंचें माहेर. न्हावी मागच्या दारीं येई आणि मुलांना तिकडे फिरकूं देत नसत. त्याच आत्याच्या हातचीं वेणीफणी मात्र साऱ्या मुलींना हवी असे. तीनपेडी सगळ्यांनाच येई. पांचपेडी आळींत तिला एकटीला. सकाळीं आलवणाचा पदर डोक्यावरून सारखा करून ती ह्यांना पुढ्यांत बसवी. वेणी झाली कीं फणींतलें गुंतवळ बोटाभोंवतीं गुंडाळून कोनाड्यांत ठेवी. कशासाठीं, तें ह्यांनीं कधीं विचारलें नाहीं. त्या सालचा कुटुंबाचा एक फोटो आहे, समारंभासाठीं मुलांनीं तोच मोठा करून घेतला होता. त्यांत आत्या नाहीं. फोटोवाला आला तेव्हां तिला माजघरांत बसविलें होतें.

माझे हात थांबले होते. हा समारंभच नको असें मी जाऊबाईंना स्वयंपाकघरांत जाऊन म्हणालेंही. त्या म्हणाल्या, "तें आपण ठरवावयाचें नाहीं, आईंना विचार." विचारलें, तर सासूबाई चिडल्याच. "मी काय रडगाणें सांगितलें? धाकटीला इकडे बोलावा."

माझ्या धाकटीला पुढ्यांत बसवून त्यांनीं तिच्या केसांचे पांच पेड केले. हात कांपत होता. चौथ्या पेडाशीं वेणी तीनदां चुकली, तीनदां त्यांनीं ती उलगडली. धाकटी एरवीं पांच मिनिटें स्थिर बसत नाहीं, ती पाऊण तास हलली नाहीं.

पुतणी रात्रभर पिना टोंचल्याची तक्रार करीत झोंपली. सकाळीं पिना काढल्यावर डोकें मेंढीसारखें दिसूं लागलें आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलें. येथें धीर सोडूं नये. ब्रश खालपर्यंत पुन्हां पुन्हां फिरवीत राहिलें कीं वेटोळीं मोडून त्यांच्या लाटा होतात. तशा झाल्या. पुढच्या सुरळ्या मात्र डावीकडची उंच नि उजवीकडची बसकी अशा झाल्या, आणि संध्याकाळीं पाहुणे येईपर्यंत पावसाळी हवेनें मागच्या लाटा निम्म्या उतरल्या होत्या. पांचपेडी मात्र जशीच्या तशी.

फोटो भिंतीवर लावला तेव्हां सासूबाईंनीं पुतणीकडून त्याखालीं एका कागदावर आत्याचें नांव लिहवून घेतलें. अक्षर मोठें नाहीं म्हणून तो कागद एकदां बदलावयासही लावला.

मला पांचपेडी अजून येत नाहीं. चौथा पेड वरून घ्यावयाचा कीं खालून, तें रविवारीं पुन्हां विचारणार आहें.