पेल्यातले दात आणि तारेतले दात

नातीच्या दातांना तारा बसवायचे ठरले त्या दिवशी घरातल्या सर्वांनी तिच्या तोंडात पाहिले. मी माझ्या खिशात पाहिले. मुलगा म्हणाला, "बाबा, खर्चाचं मी बघतो. तुम्ही फक्त महिन्यातून एकदा तिला दादरला डॉक्टरांकडे घेऊन जायचं." निवृत्त माणसाकडे वेळेखेरीज काही नसते असा तरुण मंडळींचा समज असतो, आणि तो खरा असतो. लालबागहून दादर ते काय लांब! मी लगेच मान डोलावली.

नात तेरा वर्षांची. वरचे सुळे हिरडीत उंचावर जाऊन बसलेले आणि पुढचे दोन दात थोडे बाहेर डोकावणारे. ते दात माझ्या चांगल्या ओळखीचे होते. आमच्या ताईचे थेट असेच होते. गिरगावातल्या आमच्या चाळीत ताईइतकी हसरी मुलगी दुसरी नव्हती, पण हसू आले की तिचा पदर आधी तोंडावर जाई. पाहुणे बघायला यायचे असले की आई स्वयंपाकघरात तिला बजावी, "तोंड मिटून बस हो." लग्न झाले, संसार झाला, नातवंडे झाली, पदराची सवय काही गेली नाही. ताई आता नाही. परवा जुने फोटो काढून बसलो, तर एकाही फोटोत तिचे हसणे सापडले नाही. सगळीकडे ओठ घट्ट मिटलेले, जणू कुणी तिला रागे भरले आहे.

तेव्हा दात सरळ करायचे शास्त्र नव्हते असे नाही. अमेरिकेत एडवर्ड अँगल नावाच्या गृहस्थाने वाकड्या दातांची वर्गवारी १८९९ सालीच करून ठेवली होती. आपल्याकडे नायरचे दंत महाविद्यालय १९३३ सालचे, म्हणजे ताईच्याही जन्माआधीचे, आणि आमच्या चाळीपासून चालत जाण्यासारखे. पण दाताच्या डॉक्टरकडे जायचे ते दात उपटायला, अशी आमची ठाम समजूत. तारा वगैरे थेरं मलबार हिलवरच्या मुलींची! आम्ही तर्जनीवर राखुंडी किंवा माकडछाप काळी पूड घेऊन दात घासत असू. माझा जन्म १९५२ सालचा. त्याच साली परळात केशव विष्णु पेंढरकरांनी 'विको' कंपनी काढली, आणि पुढे त्यांची वज्रदंती आमच्या घरातही आली. पूड बदलली, बोट तेच राहिले.

दादरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी मला सारे नीट समजावून सांगितले. तारेच्या दाबाने दाताच्या पुढचे हाड हळूहळू विरघळते, मागच्या बाजूला नवे हाड भरत येते आणि दात त्या वाटेने सरकतो. चाळीत पोटभाडेकरू जागा करून घेतो तसेच हे. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागे. १९५५ साली बुओनोकोर नावाच्या दंतवैद्याने दाताचे कवच सौम्य आम्लाने किंचित खरबरीत केले की त्यावर राळेसारखा पदार्थ पक्का धरतो असे दाखवले, आणि त्यातूनच पुढे गव्हाच्या दाण्याएवढ्या ब्रॅकेट नुसत्या चिकटवायची सोय झाली. मला या माहितीचा फार अभिमान वाटला. बसमध्ये शेजारच्या माणसालाही मी ती ऐकवली. निघताना बाईंनी एक छापील कागद दिला होता. दात कसे घासावे, काय खाऊ नये वगैरे. तो मी चार घड्या घालून खिशात ठेवला, आणि तो सदरा धुण्याला पडला.

आता माझा गुन्हा सांगतो. नातीची संध्याकाळची शिकवणी दादरला. तिला आणायला मी जाई. शिकवणी सुटली की आम्ही दोघे उसाच्या रसाच्या दुकानात शिरत असू. आले-लिंबू घातलेला एक एक पेला. तारांमुळे पोरीला चावताना दुखते, तेव्हा पातळ काहीतरी पोटात जावे, हा माझा वैद्यकीय विचार. ती नळीने अर्धा तास तो पेला पुरवी आणि शाळेतल्या गोष्टी सांगे. खरे सांगायचे तर माझ्या दिवसातला तो सर्वांत चांगला अर्धा तास असे. घरी येऊन जेवण, अभ्यास, पेंग. मग ब्रश तोंडातून एकदा फिरे, इतकेच. मध्यंतरी घासताना हिरडीतून रक्त येऊ लागले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी निकाल दिला, "तार टोचत असेल गं. तिथं घासूच नकोस काही दिवस." आम्ही सर्वांनी तो मानला.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाई आरशाने बघता बघता गप्प झाल्या. त्यांनी दात वाऱ्याने कोरडे केले आणि मला जवळ बोलावले. ब्रॅकेटच्या भोवती, हिरडीच्या बाजूला, खडूने ओढावे तसे पांढरे फिकट डाग.

"आजोबा, ही दात किडण्याची सुरुवात आहे. कवचातलं कॅल्शियम निघून चाललंय. एवढ्यात हात राखला तर थांबेल, थोडं भरूनही येईल. नाहीतर तारा काढू तेव्हा दात सरळ असतील आणि प्रत्येक दातावर ब्रॅकेटची चौकट उमटलेली असेल. हे असंच चाललं तर मला तारा अर्ध्यावर काढाव्या लागतील."

मग त्यांनी नातीला विचारले, "दिवसभरात गोड काय काय खातेस?"

नात गप्प. खुर्चीवर आडवी पडल्या पडल्या तिने डोळे फिरवून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा छताकडे पाहू लागली. पोलीस चौकीत मित्राचे नाव न सांगणाऱ्या माणसासारखी. मला राहवले नाही. मी म्हणालो, "रोज उसाचा रस. मीच पाजतो."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा आणि किती वेळ खाल्ली, हे महत्त्वाचे, असे त्या म्हणाल्या. तारेच्या अडचणीत अन्न अडकते, त्यावर जंतूंचा चिकट थर साचतो आणि प्रत्येक गोड घोटाबरोबर ते जंतू आम्ल तयार करतात. लाळेने ते आम्ल मारायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. आमचा पेलाच अर्धा तास चालायचा! असे डाग पडायला महिनाभरसुद्धा पुरतो, हेही तेव्हाच कळले. रक्त तार टोचून येत नव्हते. हिरडीशी मळ साचून ती सुजली होती आणि तिथेच अधिक घासायला हवे होते. सौभाग्यवतींचा निकाल असा वरच्या कोर्टात फिरला.

बाईंनी नातीला एक गोळी चघळायला दिली आणि आरसा हातात दिला. मळ जिथे जिथे होता तिथे तिथे दात लालभडक झाले. नात आपले तोंड बघून आधी हसली, मग रडू लागली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला ताईचा पदर दिसत होता.

त्या रात्रीपासून दात घासण्याचे खाते माझ्याकडे आले. पहिल्याच दिवशी मी उपदेशाला सुरुवात केली, "आमच्या वेळी ब्रशसुद्धा नव्हता. नुसत्या बोटाने..."

"आजोबा," नात शांतपणे म्हणाली, "तुमचे दात कुठे आहेत?"

माझे दात बेसिनच्या फळीवर, पाण्याच्या पेल्यात होते. हिरड्यांच्या रोगाने, म्हणजे आमच्या भाषेत पायरियाने, साठीच्या आत एकेक करून गेले. त्यानंतर मी उपदेश बंद केला आणि घड्याळ हातात घेतले.

तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर आम्ही दोघे बेसिनपाशी उभे असतो. ती ब्रश तिरका धरून आधी ब्रॅकेटच्या वरून, मग खालून घासते. मग बाटली धुण्याच्या ब्रशाचे पिल्लू शोभेल असा एक चिमुकला ब्रश तारेखाली सारते. शेवटी प्लॅस्टिकच्या सुईत दोरा ओवून तो तारेमागून दोन दातांच्या फटीत घालते. या कामाला बखिया घालण्याइतकाच धीर लागतो. पेस्ट फ्लोराइडची, आणि थुंकल्यावर खळखळून चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे औषध दातावर राहते. शेजारी मी माझी कवळी साबणाने घासत असतो, कारण पेस्टने कवळीला चरे पडतात असे बाईंनी जाता जाता मलाही सुनावले आहे. तार गालाला टोचली तर लावायला मेणाची डबी असते. ती डबी सांभाळणे हेही माझेच काम.

रस बंद झाला. शिकवणीनंतर आता आम्ही फुटपाथवरून रमतगमत चालतो. गोष्टी तेवढ्याच होतात. त्यातली एक तक्रार दर महिन्याला असते. ती ब्रॅकेटवर हौसेने निळी रबरे बसवून घेते आणि सूनबाईंच्या लालबागच्या मसाल्याची आमटी आठ दिवसांत ती हिरवट करून टाकते. यावर दंतशास्त्राकडे उपाय नाही, आणि आमटी सोडायला कुणी तयार नाही.

दिवाळी जवळ आली तसा मला घोर लागला. चिवडा गल्लीवरून जाताना मी मान फिरवून चालत असे. घरात फराळाची फेरतपासणी झाली. डिंकाचे लाडू आणि कडबोळी नातीपुरती रद्द. चकली सायीच्या दह्यात मऊ करून, करंजी हाताने तुकडे करून, चिवड्यातले खोबऱ्याचे काप आणि दाणे माझ्या ताटलीत. गोड काय ते जेवणाबरोबर एकदाच, आणि लगेच ब्रश. दिवसभर येता-जाता डबा उघडायचा नाही, हा नियम घरातल्या मोठ्यांना अधिक जड गेला. आदल्या आठवड्यात बाईंनी तपासले तेव्हा डाग वाढले नव्हते. एकदोन फिकेही झाले होते. तारा निघायला अजून वर्ष आहे.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले. मुलाने सर्वांना गॅलरीत पणत्यांपाशी उभे केले आणि फोटोसाठी मोबाइल धरला. नात मध्ये उभी होती. कुणीतरी काहीतरी बोलले आणि ती हसली, तोंडभर, निळ्या-हिरव्या रबरांसकट.

"बाबा, तुम्हीही हसा की!" मुलगा ओरडला.

मी हसलो, आणि माझा हात आपोआप तोंडावर गेला. माझे दात अजून पेल्यातच होते.