दिवस मावळायच्या आत

ऑस्ट्रेलियात पर्थला राहायला लागल्यापासून मी गाडीने नलारबोरचं मैदान तीनदा ओलांडलंय. पहिल्या दोन्ही खेपांना रात्रभर गाडी मारली आणि त्याचा मला अभिमान होता. नॉर्समन ते सेडुना सुमारे १२०० किलोमीटर. वस्ती म्हणजे लांब लांब अंतरावर एखादा पेट्रोलपंप आणि त्याला लागून चार खोल्या. नलारबोर या नावाचा लॅटिन अर्थच मुळी ‘एकही झाड नाही’. अशा रिकाम्या मुलखात मुक्काम कशाला करायचा, असं मी इथल्या मराठी मित्रांना ठासून सांगत असे. बालाडोनियापासून कायगुनापर्यंत रस्ता १४६.६ किलोमीटर सरळ जातो, एकही वळण नाही. तिथे रात्री कसली भीती?

तिसऱ्या खेपेला कायगुनाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बायको म्हणाली, ‘‘आज इथेच राहू या.’’ मी ऐकलं नाही. पुढचा थांबा, कॉकलबिडी, फक्त ६५ किलोमीटरवर होता.

अंधार पडला आणि डावीकडच्या झुडपांतून कांगारू उडी मारून थेट दिव्यांसमोर आलं. ब्रेक दाबला, तरी धडक बसलीच. दिवसा हे प्राणी सावलीला पडून असतात, संध्याकाळी चरायला निघतात. डांबरावरचं पावसाचं पाणी कडेला उतरतं, म्हणून हिरवा चाराही रस्त्यालगतच जास्त. मी ज्याला रिकामं म्हणत होतो ते त्यांचं कुरण होतं.

समोरून आलेली एक रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक, बरंच पुढे जाऊन थांबली. ड्रायव्हर टॉर्च घेऊन आला. आम्हाला लागलं नाही ना, एवढं विचारून तो कांगारूकडे गेला. मादी होती, मेली होती. त्याने तिच्या पिशवीत हात घालून पाहिलं. आत पिल्लू होतं, अंगावर केस आलेलं, जिवंत. बायकोने उशीचा अभ्रा दिला. त्याने पिल्लू त्यात गुंडाळलं आणि छातीशी धरून केबिनमध्ये नेलं. अशी पिल्लं वाढवणारं कोणी त्याच्या वाटेवर होतं म्हणे. ते जगलं की नाही, आम्हाला कळलं नाही.

पिशवी तपासायची असते हे मला ठाऊकच नव्हतं. पंधरा वर्षं या देशात राहून!

आता कोणी विचारलं तर मी उलट सांगतो. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठा, एक दिवस जास्त लागला तरी चालेल. आणि धडक झालीच, तर गाडी सुरक्षित कडेला घ्या, मागची-पुढची वाहनं बघा आणि मादी असेल तर तिच्या पिशवीत हात घालून बघा.