गिटारवर स्विचबोर्डाची शीट

पिकगार्ड करायचं तर शिसवीचंच, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. घरी इलेक्ट्रिक गिटार जोडणाऱ्या आम्हा हौशी मंडळींत लाकडावर तासन्‌तास बोललं जातं. एवढी घासूनपुसून पॉलिश केलेली बॉडी, आणि तिच्यावर प्लास्टिक? मला ते हलकं वाटायचं. आता माझ्या स्ट्रॅटोकास्टर घाटाच्या गिटारवर काळी बॅकेलाइट शीट आहे, जुन्या स्विचबोर्डांवर असायची तसली.

माझी आवड बदललेली नाही. पिकगार्डाला काम काय असतं, ते मी उशिरा नीट पाहिलं, एवढंच. टेलीकास्टरवर ते बरंचसं ओरखडे झेलणारं झाकण असतं. तिथे मी आजही खुशाल लाकूड लावीन. स्ट्रॅटचं तसं नाही. तीन पिकअप, तीन पॉट, स्विच, सगळा संसार त्या दोन-अडीच मिलिमीटरच्या शीटला टांगलेला असतो. इतकी पातळ शिसवी पावसाळ्यात ओल पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि चीर पडते ती बहुधा पिकअपच्या लांबट भोकाच्या कोपऱ्यातून. शिसवीनं आवाजाला ऊब येते, असंही मी म्हणायचो. ते आता म्हणवत नाही.

या दोन्ही गिटारांचा जनक लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या १९५० च्या ब्रॉडकास्टरवरचं काळं गार्ड संग्राहक आजही बॅकेलाइट म्हणूनच ओळखतात. १९५४ च्या स्ट्रॅटवर एकपदरी पांढरं प्लास्टिक आलं, १९५९ मध्ये तीनपदरी सेल्युलॉइड. ते आकसायचं, स्क्रूपाशी तडकायचं, काळानं हिरवट पडायचं; शिवाय भुर्रकन पेट घेणारं. गंमत अशी, की त्याचं ते हिरवट म्हातारपण आज ‘मिंट ग्रीन’ या नावानं नवंकोरं विकत मिळतं!

ॲक्रिलिक, नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून लेझरनं सुबक कापून मिळतं, पण स्क्रू जरा जास्त आवळला की तडा जातो. भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं ठेवावं लागतं. बाजारातली बरीच तयार गार्डं पीव्हीसीची असतात. ते लेझरखाली कधी धरू नये, हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, माणसालाही वाईट आणि मशीनलाही. त्याला करवत किंवा राउटरच. ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियम देखणं (१९५८ च्या जॅझमास्टरवर ते सोनेरी होतं) आणि गुणगुण अडवायलाही उपयोगी. फक्त त्याचा ॲनोडाइझचा थर वीज वाहू देत नाही, अर्थ जोडायच्या जागी तो खरवडावा लागतो.

बॅकेलाइट शीट म्हणजे फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून उष्णतेनं दाबलेला कागद किंवा कापड. सनमायक्याचे आतले पदरही त्याच जातीचे. मात्र एक मिलिमीटरचा सनमायका एकटा पुरत नाही. दोन शीट पाठीला पाठ लावून चिकटवाव्यात, म्हणजे वाकत नाहीत. बॅकेलाइट बारीक दात्यांच्या पात्यानं सरळ कापलं जातं, कानशीला छान वळतं, सोल्डरिंगचा चटका सोसतं. धूळ वाईट, मास्क हवाच.

शेवटी गार्डाच्या पोटाला तांब्याची टेप लावून ती अर्थला जोडायची. बॅकेलाइट असो की प्लास्टिक, कोरड्या हिवाळ्यात बाही घासली की वीज साठते आणि ॲम्प्लिफायर चरचरतो. १९६० च्या सुमाराच्या स्ट्रॅटमध्ये याच जागी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असे.

कासवाच्या पाठीची लाल नक्षी हवी असेल, तर अर्थात तयार गार्डच विकत घ्या. बॅकेलाइटमध्ये मला काळा मिळतो, नाहीतर तपकिरी.