माशी, थेंब आणि आगगाडी

वडील स्टेशनमास्तर होते. मराठवाड्यातलं मीटरगेजवरचं लहानसं स्टेशन, दिवसातून मोजक्या गाड्या, आणि दोन गाड्यांच्या मधे नुसती दुपार. इंजिनाला पाणी देणाऱ्या टाकीचा नळ कधीच घट्ट बंद व्हायचा नाही. खालच्या फरशीवर थेंब पडत राहायचा. आत तारयंत्र कटकटायचं. बाकावर आडवं पडलं की माशी एकदा कपाळावर, एकदा ओठाच्या कोपऱ्यावर बसायची, आणि हात हलवायचाही कंटाळा यायचा. मग रुळाला कान लावायचा. गाडी दिसण्याआधी रुळातून यायची.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. पुण्यात कॉलेजला असताना एका फिल्म क्लबात सर्जियो लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ बघायला गेलो, आणि दिवे मालवल्यावर पाचव्या मिनिटाला ते स्टेशन माझ्यासमोर उभं राहिलं.

लांब धुळकट कोट घातलेली तीन माणसं एका ओसाड स्टेशनवर येतात. म्हाताऱ्या मास्तरला कोंडून टाकतात आणि गाडीची वाट बघत बसतात. एवढंच घडतं, आणि ते सुमारे दहा मिनिटं घडत राहतं. पवनचक्की कुरकुरते. वुडी स्ट्रोड पाण्याच्या टाकीखाली उभा आहे; तुळतुळीत डोक्यावर थेंब पडतो, तर तो जागा न सोडता फक्त हॅट चढवतो आणि थेंब हॅटवर पडत राहतात. दुसरा बोटं मोडतो. जॅक एलम बाकावर रेलला आहे, तारयंत्राच्या कटकटीनं वैतागून त्यानं तार उपटून टाकली आहे, आणि आता त्याच्या दाढीच्या खुंटांतून एक माशी फिरते आहे. कॅमेरा इतका जवळ आहे की त्या गालावरचा प्रत्येक खड्डा दिसतो. तो फुंकर मारतो, माशी उडते, परत बसते. शेवटी ती भिंतीवर बसल्यावर तो पिस्तुलाच्या नळीत तिला कोंडतो आणि नळी कानाशी धरून तिची गुणगुण ऐकतो. दूरवर गाडीची शिट्टी होते. स्ट्रोड हॅट काढतो आणि काठात साचलेलं पाणी पिऊन टाकतो.

गाडी येते. कुणीच उतरत नाही. गाडी निघून जाते, तिघं पाठ फिरवतात, आणि मग रुळांच्या पलीकडून माउथ ऑर्गनचे सूर येतात. तो माणूस उलट्या बाजूनं उतरलेला असतो.

मी खुर्चीत ताठ बसलो होतो. आपली दुपार, आपला थेंब, आपली माशी कुणी रोमच्या माणसानं बघितली होती याचं मला रडू येत होतं.

‘स्पॅगेटी वेस्टर्न’ हे नाव हिणवण्यासाठी पडलं. इटालियन लोकांनी काउबॉयचे चित्रपट काढायचे, तेही स्पेनमध्ये, अल्मेरियाजवळच्या ताबेर्नासच्या वैराण माळावर, आणि त्याला अमेरिका म्हणायचं! ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ 1964 साली निघाला तेव्हा लिओनेनं श्रेयनामावलीत स्वतःचं नाव बॉब रॉबर्टसन असं लावलं. त्याचे वडीलही मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक, आणि रॉबेर्तो रॉबेर्ती हे त्यांचं पडद्यावरचं नाव. म्हणजे बॉब रॉबर्टसन हे ‘रॉबेर्तोचा मुलगा’ याचंच अमेरिकन रूप. परकं नाव घेतानाही या माणसानं बापाचं नाव सोडलं नाही, हे मला फार आवडतं.

गोष्ट मात्र त्यानं अकिरा कुरोसावाच्या 1961 सालच्या ‘योजिम्बो’वरून उचलली, न विचारता. जपानी बाजूनं दावा लावला आणि तडजोडीत जगभरच्या उत्पन्नातला 15 टक्के हिस्सा लिओनेच्या निर्मात्यांना द्यावा लागला. न्याय कुरोसावाच्या बाजूनं होता, आणि लिओनेवर माझं कितीही प्रेम असलं तरी हे मी लपवणार नाही. विचारायला हवं होतं. पण घेतलेल्या गोष्टीत त्यानं जे ओतलं ते कुरोसावाचं नव्हतं आणि अमेरिकेचंही नव्हतं. त्यानं वाट बघणं ओतलं. बंदूक चालते क्षणभर; ती चालण्याआधी डोळे, बोटं, घाम, पुन्हा डोळे. 1966 सालच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’च्या शेवटी तीन माणसं एका वर्तुळात उभी आहेत आणि काही मिनिटं कुणीच काही करत नाही. माझ्या मते अख्ख्या सिनेमाच्या इतिहासात त्याहून भरलेली मिनिटं थोडी.

यात काटकसरीचाही हात होता. हे चित्रपट ‘टेक्निस्कोप’ पद्धतीनं चित्रित होत. एका चौकटीला फिल्मची चार छिद्रं लागायची, तिथे दोनच लागत. निम्मी फिल्म वाचायची, चित्र तरी रुंदच मिळायचं, आणि साधी भिंगं वापरता येत असल्यानं कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊ शकायचा. एन्यो मोरिकोनेचंही तसंच. मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता, म्हणून त्यानं आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनीची शीळ घेतली, चाबकाचा फटकारा घेतला, घंटा घेतली, इलेक्ट्रिक गिटार घेतली. लिओने आणि मोरिकोने प्राथमिक शाळेत एका वर्गात होते. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’चं संगीत तर चित्रणाआधीच तयार होतं आणि सेटवर वाजवलं जायचं; नट त्या सुरांवर चालायचे. क्लाउडिया कार्डिनाले स्टेशनात उतरते, तिला घ्यायला कुणी आलेलं नसतं, ती आत जाते. एडा देलोर्सोचा आवाज उंचावतो, त्याच्याबरोबर कॅमेरा छपरावरून वर चढतो आणि पलीकडे अख्खं गाव उघडतं. ते दृश्य कितीही वेळा बघितलं तरी माझा श्वास तिथे अडतो.

त्या काळात रोममध्ये आणखी दोन सर्जियो होते. सोलिमा राजकीय जाणिवेचा, ‘द बिग गनडाउन’सारख्या चित्रपटात पिचलेल्या मेक्सिकन माणसाच्या बाजूनं उभा राहणारा. कोर्बुच्ची त्याहून कडवट. त्याचा जँगो (1966) चिखलातून शवपेटी ओढत येतो, घोडासुद्धा नाही. आणि 1968 सालच्या ‘द ग्रेट सायलेन्स’मध्ये वाळवंटाऐवजी बर्फ, नायक मुका, आणि शेवटी तो मुका नायक मारला जातो, मारणारे घोड्यांवर बसून निघून जातात. कुठे दिलासा नाही. क्वेंटिन टॅरेंटिनोचा 2012 सालचा ‘जँगो अनचेन्ड’ कोर्बुच्चीचं नाव उघडपणे मिरवतो, त्यात मूळ जँगो, फ्रँको नीरो, एका प्रसंगात येऊनही जातो. ‘द हेटफुल एट’च्या बर्फात मला कोर्बुच्चीचाच बर्फ दिसतो. त्या चित्रपटाच्या संगीतासाठी मोरिकोनेला 2016 साली, वयाच्या 87व्या वर्षी, ऑस्कर मिळालं. क्लिंट ईस्टवूडनं आपला ‘अनफरगिव्हन’ (1992) ज्या दोघांना अर्पण केला त्यांतला एक सर्जियो. लिओने तोवर जाऊन तीन वर्षं झाली होती.

आणि आपल्याकडे ‘शोले’. रमेश सिप्पीचा हा चित्रपट सुरू होतो तोच एका लहानशा स्टेशनवर. गाडी थांबते, जेलर उतरतो, गाडी पुढे जाते. (आगगाडीवरच्या मारामारीचं चित्रण आपल्या पनवेलजवळच्या रुळांवर झालं; तिथून जाताना मी अजून खिडकीशी सरकतो.) ठाकूरच्या कुटुंबाची हत्या बघताना ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधल्या मॅकबेन कुटुंबाची हत्या आठवावीच लागते: अंगणातली माणसं एकेक करून कोसळणं, शेवटी उरलेलं लहान मूल, समोर बंदूकवाला. लिओनेकडे तो बंदूकवाला म्हणजे हेन्री फोंडा, आयुष्यभर सज्जनांच्या भूमिका केलेला, निळ्या डोळ्यांचा. लिओनेला नेमके तेच डोळे हवे होते.

पण ‘शोले’तल्या त्या प्रसंगात एक झोपाळा आहे. त्याच्या कड्या करकरत राहतात. ती करकर इटलीची नाही, ती आपल्या ओटीवरची आहे, दुपारच्या जेवणानंतरची, आजीच्या झोपाळ्याची. सलीम-जावेद आणि सिप्पी लिओनेकडून काय शिकले, असं कुणी विचारलं तर मी त्या झोपाळ्याकडे बोट दाखवीन. पवनचक्की उचलून आणली असती तर नक्कल झाली असती. त्यांनी स्वतःच्या घरातला आवाज शोधला आणि तोच भीतीच्या वेळी वाजू दिला. जयचा माउथ ऑर्गनही तसाच: लिओनेच्या त्या उलट्या बाजूनं उतरलेल्या माणसाच्या, चार्ल्स ब्रॉन्सनच्या, हातात त्याच वाद्यात सूड होता, जयच्या हातात संध्याकाळ आहे, आणि समोरच्या सज्जावर दिवे मालवणारी राधा आहे.

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मधलं ते शेवटचं वर्तुळ ज्या दफनभूमीत आहे ती, सॅड हिल, स्पेनच्या बुर्गोस प्रांतात आहे. चित्रपटासाठी स्पॅनिश सैनिकांनी तिथे सुमारे 5000 खोट्या कबरी रचल्या होत्या. युनिट निघून गेलं, गवत वाढलं, मधलं दगडी वर्तुळ मातीखाली गेलं. 2015 साली काही चाहते कुदळी-फावडी घेऊन तिथे गेले आणि खणू लागले. दूरदूरच्या गावांहून माणसं सुट्टीच्या दिवशी यायची, गवत उपटायची, माती ओढायची. खाली ते दगड जसेच्या तसे होते. एखाद्या दिग्दर्शकाचा प्रभाव म्हणजे काय, यावर मी पुष्कळ वाचलं आहे. मला त्या फावड्यांइतकं काहीच पटलेलं नाही.

आमच्या स्टेशनावरून आता ब्रॉडगेज जाते. टाकी पाडली. थेंब मात्र ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये शाबूत आहे. तुम्ही तो चित्रपट बघाल तेव्हा दुपारी बघा, एकट्यानं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि पहिली दहा मिनिटं पंखा बंद ठेवा, म्हणजे थेंब नीट ऐकू येईल.