पेटीवरचें नांव

बर्लिन शहराच्या मोआबीत भागाला चहूं बाजूंनीं पाण्याचा वेढा आहे. दक्षिणेस स्प्रे नदी आणि इतर बाजूंस कालवे. १८ व्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समधून धर्मच्छळामुळें परागंदा झालेल्या ह्यूगेनॉट लोकांनीं येथें वस्ती केली. अशा या उपऱ्यांच्या बेटावर गेल्या आश्विनांत मी बिऱ्हाड मांडलें. ह्यांची नोकरी येथें दोन वर्षांपासून होती. पाठोपाठ मलाही एका प्रयोगशाळेंत काम मिळालें. मात्र पगार रोख हातीं देण्याची चाल इकडे उरलेली नाहीं. त्यास बँकेचें खातें हवें.

वाचकभगिनींना वाटेल, त्यांत कठीण तें काय? मलाही तसेंच वाटलें होतें. पण परमुलखांत एक कागद मिळवावयास दुसरा कागद लागतो. घरमालकाचा दाखला असल्याशिवाय नगरकचेरींत पत्त्याची नोंद होत नाहीं. नव्या घरांत आल्यापासून १४ दिवसांत ती करावी, असा कायदा आहे. नोंदीचा कागद नसला तर बँक सहसा दारांत उभें करीत नाहीं. आणि नवख्या माणसास घर हवें तर मालक बहुधा पगाराचा पुरावा आधीं मागतो. बीज आधीं कीं वृक्ष आधीं, हा वाद केवळ आपल्या शास्त्रीपंडितांचाच आहे असें नाहीं!

माझें घर तयार होतें, म्हणून नोंद झाली. परंतु पहिल्या बँकेंतील गृहस्थांनीं माझें पारपत्र चाळून, निवासाचें कार्ड अद्याप हातीं नाहीं, अशी हरकत काढली व वर विचारलें, "यजमानांचें खातें आहे ना? मग निराळें कशाला?" घरीं हेही सहज म्हणाले, "तोंवर माझ्याच खात्यांत पगार येऊं दे." त्यांच्या मनांत कांहीं नव्हतें. पण मला माझी आजी आठवली. तिच्या फडताळांत साखरेच्या डब्यामागें पोस्टाचें पासबुक असे. आजोबा गेल्यावर वर्षभर घर त्यावर चाललें. "पैसा थोडा असो, पण नांव आपलें असावें," असें ती म्हणे. मी ह्यांना तें सांगितलें. ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग आपणच चौकशीस लागले.

चौकशींत कळलें तें असें. युरोपियन युनियननें २०१४ सालीं एक निर्देश काढला, आणि जर्मनींत २०१६ पासून त्याप्रमाणें कायदा अमलांत आला. युनियनमध्यें कायदेशीरपणें राहणाऱ्या कोणाही व्यक्तीस साधें देवघेवीचें खातें मिळण्याचा हक्क आहे; ज्यास घर नाहीं त्यासही, आश्रयार्थ्यासही. अर्ज पुरा मिळाल्यावर कामकाजाच्या १० दिवसांत बँकेनें खातें द्यावें, नाहीं तर नकार लेखी कळवावा. या खात्यास 'बाझिसकोंटो' म्हणतात. दुसऱ्या एका बँकेंत मी त्याचा छापील अर्ज भरला, व तो मंजूर झाला. कार्ड एका टपालानें आणि गुप्त आंकडा दुसऱ्या टपालानें यावयाचा होता.

तीन आठवडे कांहींच आलें नाहीं. करक्रमांकाचें सरकारी पत्रही नाहीं. पगाराचा दिवस टळला. एके सायंकाळीं जिन्यांत तळमजल्यावरच्या तुर्की आजीबाई भेटल्या. जर्मनीनें १९६१ मध्यें तुर्कस्थानाशीं करार करून कामगार बोलावले, त्या ओघांत त्या तरुणपणीं येथें आलेल्या. माझी हकीकत ऐकून त्यांनीं माझा हात धरला, टपालपेटीपाशीं नेलें आणि विचारलें, "यावर तुझें नांव कुठें आहे, मुली?"

इकडे पत्त्यांत खोलीचा क्रमांक बहुधा नसतो. टपालवाला पेटीवरचें नांव पाहून पत्र टाकतो. पेटीवर ह्यांचें आडनांव, आणि माझें पारपत्र माहेरच्या नांवाचें! पत्रें आलीं होतीं. धनी सांपडला नाहीं म्हणून परत गेलीं होतीं.

त्याच रात्रीं ह्यांनीं स्वतः सुवाच्य अक्षरांत माझें नांव लिहून पेटीवर डकविलें. बँकेनें पत्रें पुन्हां धाडलीं, आणि पुढच्या महिन्यांत दोन्ही पगार एकदम माझ्या खात्यांत जमा झाले.

परदेशीं निघालेल्या भगिनींस एवढेंच सांगतें: नव्या बिऱ्हाडांत पाऊल टाकतांच देवापुढें दिवा लावा, आणि त्याच दिवशीं खालीं जाऊन पेटीवर आपलें नांव लावा.