टोइंग मिळेल, पण कुठपर्यंत?

विजेच्या गाडीसाठी रस्त्यावरच्या मदतीचं कवच निवडताना हप्ता सगळ्यात शेवटी पाहावा, असं माझं मत होत चाललंय. आधी पाहावं ते गाडी उचलून नेण्याचं कलम. बहुतेक विजेच्या गाड्यांत मोटरने चालणारी चाकं फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार होते. म्हणून ती चाकं जमिनीवर ठेवून ओढणं धोक्याचं. फ्लॅटबेडच हवा, आणि तसं पॉलिसीत लिहिलेलं हवं. मग अंतर. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोफत टोइंगची मर्यादा ५० किलोमीटर असली, तर ती कितीशी पुरणार? शिवाय ‘जवळचं गॅरेज’ कामाचं नाही. उच्च व्होल्टेजच्या बॅटरीला हात लावू शकणारं सर्व्हिस सेंटर हवं.

गाडीची कंपनी सुरुवातीला ही सेवा बऱ्याचदा फुकट देते, मग विम्यात पुन्हा पैसे कशाला? मुद्दा रास्त आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून दुहेरी खर्च टाळावाच. पण ‘चार्ज संपू दिला नाही की झालं, कवच हवंच कशाला’ हे पटत नाही. या गाड्यांतही साधारणपणे १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी सुरूच होत नाही. काही मॉडेलांत तर स्टेपनीही नसते, आणि टायर बाजूने फाटला तर पंक्चर किटचा काय उपयोग!